महिला आशियाई फुटबॉल चषक २०२६ : नाशिककरांना पडलेले प्रश्न

दर रविवारी सकाळी साडेसहाला आम्ही काही जणी मिळून मुलींना फुटबॉल खेळवतो. गटाला नाव नाही, पावतीपुस्तक नाही. सात चेंडू आहेत, त्यातले दोन कायम हवा सोडणारे. मार्चमध्ये भारताच्या मुली ऑस्ट्रेलियात आशियाई चषक खेळणार आहेत हे कळल्यापासून पालकांचे आणि मुलींचे प्रश्न थांबेनात. तीच उत्तरं दहा वेळा टाइप करून अंगठे दुखायला लागले, म्हणून ती इथे एकत्र लिहून ठेवते आहे. काही प्रश्न स्पर्धेचे आहेत, काही घरातले. क्रम विचारू नका, जसे आले तसे घेतलेत.

ही स्पर्धा म्हणजे वर्ल्ड कप का?

नाही. ही आशियातल्या देशांच्या राष्ट्रीय महिला संघांची स्पर्धा. १ ते २१ मार्च २०२६, पर्थ, गोल्ड कोस्ट आणि सिडनी या तीन शहरांत, १२ संघ. आशियाई फुटबॉल महासंघ, म्हणजे एएफसी, ती भरवतो. पण २०२७ च्या ब्राझीलमधल्या वर्ल्ड कपला आशियातून कोण जाणार हेही इथेच ठरतं. तेव्हा वर्ल्ड कप नसला तरी वर्ल्ड कपच्या वाड्याचा दिंडी दरवाजा हाच.

पहिली स्पर्धा १९७५ मध्ये हाँगकाँगला झाली आणि जिंकलं न्यूझीलंड! आशियाच्या स्पर्धेत न्यूझीलंड कुठून, हे विचारू नका. त्या काळी बायकांचे संघ मोजकेच असायचे, पाहुणे म्हणून आले आणि चषक घेऊन गेले. पुढे सत्ता चीनची. त्यांनी ही स्पर्धा नऊ वेळा जिंकली आहे, शेवटची २०२२ मध्ये आपल्या नवी मुंबईत.

ऑस्ट्रेलिया तरी आशियात कधी आलं?

नकाशावर नाही आलं, फुटबॉलपुरतं २००६ मध्ये आलं. २०१० मध्ये त्यांच्या मुलींनी हा चषक जिंकलाही.

भारत तिथे कसा पोहोचला? यजमान तर आपण नाही.

तीच तर सांगण्यासारखी गोष्ट आहे. पात्रता फेरी खेळून, ती जिंकून भारतीय महिला संघ या स्पर्धेत पोहोचला, असं पहिल्यांदाच घडलं आहे. १९८० च्या आसपास आपण इथे दोनदा अंतिम सामना खेळलो होतो, पण तेव्हा पात्रता फेरीची चाळणी नव्हती. २०२२ मध्ये यजमान म्हणून जागा आयती मिळाली.

यावेळची पात्रता फेरी जून-जुलै २०२५ मध्ये थायलंडच्या चियांग माई शहरात झाली. गटातून एकच संघ पुढे जाणार होता. क्रिस्पिन छेत्री प्रशिक्षक होते. मंगोलियाला १३-०, तिमोर-लेस्तेला ४-०, इराकला ५-०. इथपर्यंत ठीक, हे व्हायलाच हवं होतं. शेवटचा सामना ५ जुलैला थायलंडशी, त्यांच्याच देशात, त्यांच्याच प्रेक्षकांसमोर. थायलंड २०१५ आणि २०१९ असे दोन वर्ल्ड कप खेळलेला संघ. त्यांनीही तोवरचे सगळे सामने जिंकलेले. म्हणजे सरळ हिशेब, जो जिंकेल तो ऑस्ट्रेलियाला.

संगीता बासफोरने पहिल्या हाफमध्ये लांबून गोल मारला. हाफटाइमनंतर लगेच थायलंडने बरोबरी केली. मग ७४ व्या मिनिटाला पुन्हा संगीताच. २-१. संगीता बंगालमधल्या कल्याणीची (आपलं कल्याण नव्हे, दोन मुलींचा तसा समज झाला होता आणि कसारा लोकलने जाऊन भेटू म्हणत होत्या). ती मिडफिल्डर आहे, म्हणजे मधल्या फळीत खेळते, गोल मारणं हे तिचं रोजचं काम नाही. तरी दोन्ही गोल तिचेच.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये २० वर्षांखालच्या मुलींनी म्यानमारला हरवून आपल्या वयोगटाच्या आशियाई चषकात जागा मिळवली, वीस वर्षांनी. ऑक्टोबरमध्ये १७ वर्षांखालच्या मुलींनी उझबेकिस्तानला हरवून तेच केलं. एका वर्षात तीन संघ! आपल्याकडच्या पेपरात याला किती जागा मिळाली, ते तुम्हीच आठवा.

२०२२ ला ही स्पर्धा मुंबई-पुण्यात होती ना? तेव्हा काय झालं होतं?

हा प्रश्न विचारणाऱ्या ताईंची मी आभारी आहे, कारण हे बऱ्याच जणांना ठाऊकच नाही. जानेवारी २०२२. मैदानं तीन: नवी मुंबईचं डी. वाय. पाटील, अंधेरीचं मुंबई फुटबॉल अरेना आणि पुण्याचं बालेवाडी. म्हणजे अख्ख्या आशियाचा चषक आपल्या कसारा घाटाखाली, नाशिकहून चार तासांवर. आणि नेमकी तेव्हा करोनाची तिसरी लाट.

२० जानेवारीला भारत-इराण सामना ०-० सुटला. संधी आपल्याला जास्त मिळाल्या होत्या, चेंडू काही आत जाईना. २३ जानेवारीला चायनीज तैपेईशी (म्हणजे तैवान, नावाचं पुढे सांगते) सामना होता. त्या दिवशी संघातल्या इतक्या मुली पॉझिटिव्ह निघाल्या की नियमाप्रमाणे लागणाऱ्या १३ खेळाडूही उभ्या करता आल्या नाहीत. सामना झालाच नाही. भारत स्पर्धेतून बाद झाला आणि इराणशी खेळलेला सामनाही नोंदीतून रद्द केला गेला. यजमान संघाच्या नावापुढे स्पर्धेत एकही सामना नाही.

मी त्या संध्याकाळी टीव्ही लावून बसले होते, समोर चहा, मांडीवर पुतणी. ती विचारत होती, "आत्या, कधी सुरू होणार?" तिला सांगायला मला पंधरा मिनिटं लागली. ती तेव्हा सहा वर्षांची होती, आता दहाची आहे आणि आमच्या गटात डाव्या बाजूला खेळते.

आता गट बघा.

भारताच्या गटात कोण आहे? सामने कधी?

गट 'क'. जपान, व्हिएतनाम, चायनीज तैपेई आणि भारत.

४ मार्च, बुधवार: व्हिएतनाम, पर्थ.
७ मार्च, शनिवार: जपान, पर्थ.
१० मार्च, मंगळवार: चायनीज तैपेई, सिडनी.

शेवटची ओळ पुन्हा वाचा. २३ जानेवारी २०२२ ला जो सामना राहिला, तोच संघ चार वर्षांनी पुन्हा समोर. आमच्या गटात या सामन्याला सगळ्या 'राहिलेली मॅच' म्हणतात.

बाकी दोन गट असे: 'अ' मध्ये ऑस्ट्रेलिया, दक्षिण कोरिया, इराण, फिलिपिन्स. 'ब' मध्ये उत्तर कोरिया, चीन, उझबेकिस्तान आणि बांगलादेश. बांगलादेशच्या मुली पहिल्यांदाच इथे आल्यात. २०२२ आणि २०२४ चा दक्षिण आशियाई चषक त्यांनीच जिंकला, त्याआधी ओळीने पाच वेळा तो आपल्याकडे होता. शेजारीण पुढे गेली की जरा पोटात दुखतं, पण त्यांचा खेळ बघण्यासारखा आहे.

नाशिकच्या घड्याळात सामने किती वाजता दिसतील?

इथे एक गंमत आहे. तीन शहरं आणि तीन वेगवेगळे फरक. पर्थ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. गोल्ड कोस्ट साडेचार तास पुढे. सिडनी साडेपाच, कारण मार्चमध्ये तिथे उन्हाळ्यासाठी घड्याळ एक तास पुढे सरकवलेलं असतं आणि गोल्ड कोस्ट ज्या राज्यात आहे ते राज्य तसं करत नाही. म्हणजे पर्थला संध्याकाळचे सात वाजले की आपल्याकडे साडेचार, सिडनीला सात वाजले की दुपारचे दीड. कोणाची झोप मोडणार नाही. मोडला तर अंबड-सातपूरच्या जनरल शिफ्टवाल्यांचा जेवणाच्या सुट्टीचा हिशेब मोडेल. ज्यांची फर्स्ट शिफ्ट आहे त्यांची मजा.

चायनीज तैपेई हा कुठला देश? मुलीने ॲटलासमध्ये शोधला, सापडला नाही.

सापडणार नाही. तो तैवान. चीनशी असलेल्या वादामुळे आंतरराष्ट्रीय खेळांमध्ये तैवानला स्वतःच्या नावाने, स्वतःच्या झेंड्याखाली उतरता येत नाही. 'चायनीज तैपेई' हे तडजोडीचं नाव, तैपेई ही त्यांची राजधानी.

त्यांना हलकं धरू नका. १९७७ पासून ओळीने तीन आशियाई चषक तैवानचे होते. त्यातला मधला अंतिम सामना केरळात कालिकतला झाला आणि समोर भारत होता. २-० ने हरलो. पुढे १९८३ मध्ये बँकॉकला आपण पुन्हा अंतिम फेरीत, तेव्हा थायलंडकडून हरलो. त्या पिढीतल्या शांती मलिक यांना १९८३ चा अर्जुन पुरस्कार मिळाला, तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला फुटबॉलपटू. म्हणजे "आपल्या बायका फुटबॉल आत्ता कुठे खेळायला लागल्या" असं कोणी म्हणालं तर चाळीस-पंचेचाळीस वर्षं मागे पाठवा.

जपान आपल्याला किती गोल मारेल? खरं सांगा.

खरं सांगायचं तर बरेच मारू शकेल. जपान २०११ चा जगज्जेता आहे, फ्रँकफर्टच्या अंतिम सामन्यात अमेरिकेला पेनल्टींवर हरवून. २०१४ आणि २०१८ चा आशियाई चषकही त्यांचाच. जागतिक क्रमवारीत ते पहिल्या दहात, आपण पन्नासच्या बाहेर. त्यांच्या मुली युरोपातल्या मोठ्या क्लबांत आठवड्याला एक कडक सामना खेळतात. आपल्याकडच्या बऱ्याच जणींना वर्षभरात तेवढे सामने मिळत नाहीत.

पण म्हणून ७ मार्चला चौथ्या गोलनंतर टीव्ही बंद करू नका. कारण नियम असा आहे: तीन गटांतले पहिले दोन-दोन संघ उपांत्यपूर्व फेरीत जातात, म्हणजे सहा. उरलेल्या दोन जागा तिसऱ्या क्रमांकाच्या तीन संघांपैकी सरस दोघांना. त्या तुलनेत गुण सारखे पडले तर गोलफरक (मारलेले गोल वजा खाल्लेले गोल) बघतात. जपानकडून चार गोलने हरणं आणि नऊ गोलने हरणं यांत सिडनीचं पुढचं तिकीट अडकलेलं असू शकतं. ८० व्या मिनिटाला आपली डिफेंडर घसरून चेंडू बाहेर घालवते, तेव्हा ती हरलेला सामना खेळत नसते. ती बेरीज-वजाबाकी करत असते. आम्ही मुलींना सांगितलंय, त्या दिवशी आपल्या गोलकीपरकडे आणि मागच्या चौघींकडे बघायचं, चेंडूकडे कमी.

आणि मोठा पराभव झालाच तर? २०१९ च्या वर्ल्ड कपमध्ये अमेरिकेने थायलंडला १३-० हरवलं होतं. पुढच्या सामन्यात स्वीडनविरुद्ध ५-१ ने हरताना थायलंडने तो एक गोल केला आणि त्यांच्या व्यवस्थापक बाई बाकावर बसून ढसाढसा रडल्या. त्याच थायलंडला २०२५ मध्ये आपण हरवून इथे आलो.

वर्ल्ड कपला जायचं तर नेमकं किती जिंकावं लागेल?

उपांत्यपूर्व फेरीत पोहोचणं ही पहिली पायरी. तिथले चार विजेते थेट ब्राझीलला. हरलेल्या चौघांचे आपसात दोन सामने, त्यातले दोन विजेतेही थेट ब्राझीलला. त्यातही हरलेल्या दोघांना इतर खंडांच्या संघांशी खेळून आणखी एक संधी. म्हणजे बारातले आठ संघ या ना त्या रूपात वर्ल्ड कपच्या शर्यतीत राहतात.

आता आपला रस्ता मांडू. व्हिएतनाम आणि तैपेई यांच्यापैकी एकीला हरवायचं, दुसरीशी निदान बरोबरी करायची. तिसरे आलो तरी बहुतेक पुढे. उपांत्यपूर्व सामना हरलो तरी चालेल, त्यानंतरचा एक जिंकायचा. अवघड आहे, अशक्य नाही. २०२२ मध्ये पुण्यात फिलिपिन्सने याच स्पर्धेतून आयुष्यातला पहिला वर्ल्ड कप गाठला आणि २०२३ मध्ये तिथे जाऊन यजमान न्यूझीलंडला १-० हरवलं. त्यांचा पुरुषांचा संघ आजवर कधी वर्ल्ड कप खेळलेला नाही. भारताचाही नाही, आणि आपल्या मुलींचाही अजून नाही.

ब्राझीलचा वर्ल्ड कप २४ जून ते २५ जुलै २०२७, ३२ संघांचा. तेव्हा नाशिक सिंहस्थाच्या तयारीत आकंठ बुडालेलं असेल. रस्ते खोदलेले, पाहुणे घरी. टीव्हीचा रिमोट आत्तापासून बुक करून ठेवा.

गटात दोन संघांचे गुण सारखे झाले तर?

आधी त्या दोघांच्या आपसातल्या सामन्याचा निकाल बघतात, मग गोलफरक. क्रिकेटच्या नेट रनरेटपेक्षा सोपं आहे.

बायकांचं मैदान लहान असतं का? वेळ कमी?

तेच मैदान, तोच पाच नंबरचा चेंडू, तीच ४५-४५ मिनिटं. १९९१ चा पहिला महिला वर्ल्ड कप चीनमध्ये झाला तेव्हा सामने ८० मिनिटांचे ठेवले होते. बायकांना नव्वद झेपतील का, अशी शंका होती. त्या शंकेला आता काय म्हणायचं ते तुम्ही म्हणा.

आपल्या संघात कोणाकडे लक्ष ठेवायचं?

संघात कोण उतरेल हे दुखापतींवर असतं, पण काही नावं माहीत असू द्या. मनीषा कल्याण, पंजाबची. नोव्हेंबर २०२१ मध्ये ब्राझीलमध्ये ब्राझीलविरुद्ध गोल मारणारी. आपण ६-१ हरलो, पण तो एक गोल मोबाईलवर शोधून बघा, किती शांतपणे मारलाय. पुढे सायप्रसच्या क्लबकडून ती युरोपच्या चॅम्पियन्स लीगमध्ये खेळली, तसं करणारी पहिली भारतीय. मणिपूरची ग्रेस डांगमेई, ओडिशाची प्यारी खाखा (मंगोलियाला पाच गोल हिचेच), तेलंगणाची सौम्या गुगुलोथ, आणि संगीता आहेच. बचावात स्वीटी देवी.

नवीन बघणाऱ्यांना एक सुचवते. पहिली दहा मिनिटं एकाच खेळाडूवर नजर ठेवा, तिच्याकडे चेंडू नसला तरी. आमच्या मुलींना हा उद्योग दिला तेव्हा एकीने वहीत लिहून आणलं: "तिने १४ वेळा मागे वळून बघितलं आणि ३ वेळाच चेंडूला पाय लावला." फुटबॉल शिकवायला मला यापेक्षा चांगलं वाक्य सापडलेलं नाही.

महाराष्ट्राच्या मुली या संघात का दिसत नाहीत?

दुखरी नस. राष्ट्रीय संघाचा कणा वर्षानुवर्षं मणिपूरचा. पद्मश्री ओइनाम बेमबेम देवी तिथल्या. युरोपातल्या क्लबशी पहिला व्यावसायिक करार करणारी बाला देवी तिथली. शंभर आंतरराष्ट्रीय सामने खेळणारी पहिली भारतीय महिला आशालता देवी, तीही तिथलीच. त्यांच्या जोडीला ओडिशा, झारखंड, हरियाणा, तमिळनाडू. तिथे गावागावांत मुली खेळताना दिसतात. आपल्याकडे कोल्हापूर सोडलं तर फुटबॉलला गल्ली नाही, आणि कोल्हापुरातही तालमींचा फुटबॉल म्हणजे पोरांचाच. त्याच जिल्ह्यातल्या बेकनाळ गावच्या अंजू तुरंबेकर मात्र प्रशिक्षक म्हणून देशपातळीवर पोहोचल्या.

नाशिकला दम नाही असं कोणी म्हणू नये. हरसूलकडच्या सावरपाड्यातून कविता राऊत धावत निघाली ती २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचं कांस्य आणि ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य घेऊन आली. पाय आहेत आपल्या मुलींकडे. चेंडू आणि मैदान हवं. एका शाळेने आम्हाला "मुलांची प्रॅक्टिस झाली की मग" असं सांगितलं होतं. मुलांची प्रॅक्टिस अंधार पडल्यावर संपायची.

क्रिकेटमध्ये घातलं तर जास्त बरं नाही का? आता बायकांचंही चाललंय.

घाला ना. २ नोव्हेंबर २०२५ ला डी. वाय. पाटीलवर भारताने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून वर्ल्ड कप जिंकला, त्या रात्री कॉलेज रोडवर मीही होते आणि माझाही घसा बसला होता. तेच ते मैदान, जिथे २०२२ मध्ये फुटबॉलचा सामना राहिला होता, हे डोक्यातून गेलं नाही एवढंच. मुलीला काय आवडतं ते तिला विचारा. फुटबॉलला खर्च कमी, आणि तास झाला तरी एकही मुलगी रांगेत उभी नसते.

मुलीला खेळायला सुरुवात करायची आहे. काय लागतं?

वय सहा-सात पुरे, पण बारा-तेरालाही उशीर झालेला नसतो. आठ वर्षांपर्यंत तीन नंबरचा चेंडू, बारापर्यंत चार नंबरचा, पुढे पाच. पाच नंबरचा चेंडू लहान मुलीला देऊ नका, पाय दुखतो आणि खेळ नकोसा होतो.

बूट. आपल्याकडची बहुतेक मैदानं मुरमाची, उन्हाळ्यात दगडासारखी. लांब स्टडचे (तळाला दाते असलेले) बूट घेतले तर टाच आणि गुडघा दोन्ही बोलायला लागतात. रबराचे आखूड, बारीक स्टड असलेले घ्या, तेच टर्फवरही चालतात. वाढत्या पायाला दोन नंबर मोठे बूट घेऊन पुढे कापूस कोंबू नका. आमच्याकडे तीन जणी तशा आल्या होत्या, तिघींच्याही नखांखाली रक्त साकळलं. शिनगार्ड (नडगीवर बांधायचे पट्टे) मात्र पहिल्या दिवसापासून हवेत, त्यात काटकसर नको.

टर्फवाले तासाचे पैसे घेतात, दहा-बारा पालक मिळाले की ते जमतं. नाहीतर शाळेचं मैदान. शाळेला १७ वर्षांखालच्या मुलींचा संघ सुब्रतो चषकाच्या जिल्हा फेरीत उतरवायला सांगा, शालेय स्पर्धा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातर्फे होतात. शाळा "मुली येत नाहीत" म्हणते. अकरा नावांची यादी करून मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवा, मग बघा.

ऊन लागून काळी पडेल, लग्नाला अडचण येईल, असं सासूबाई म्हणतात.

सासूबाईंना सामन्याला घेऊन या. आमच्या एका मुलीची आजी अशीच आली, खुर्ची टाकून बसली. दुसऱ्या हाफमध्ये रेफ्रीने पेनल्टी दिली नाही तेव्हा सगळ्यात मोठा आवाज तिचा होता. बाकी टोपी, पाणी आणि सकाळी साडेआठच्या आत घरी, एवढं आम्ही सांभाळतो.

पाळीच्या दिवसांत खेळावं का?

खेळावंसं वाटलं तर खेळावं, दुखत असेल तर बसावं. मुलगी सांगेल तेच. गणवेशाचा रंग मात्र गडद निवडा. इंग्लंडच्या महिला संघाने २०२३ च्या वर्ल्ड कपआधी याच कारणासाठी पांढऱ्या शॉर्ट्स सोडून निळ्या घेतल्या. जगातल्या एवढ्या मोठ्या खेळाडूंना जे बोलावं लागलं ते आपल्या सातवीतल्या मुलीला बोलता येत नसेल, तर आपण आधी बोलायचं. आमच्या चेंडूंच्या पिशवीत पॅडचा पुडा असतो, कोणी विचारत नाही, कोणी हिशेब ठेवत नाही.

हिजाब घालून खेळता येतं का?

येतं. फिफाने २०१४ पासून डोकं झाकायला परवानगी दिली आहे. २०२३ च्या वर्ल्ड कपमध्ये मोरोक्कोची नुहैला बेनझिना हिजाब घालून खेळली, सीनिअर महिला वर्ल्ड कपमध्ये ती पहिली. टाचणीने बांधायचं नाही, खेळासाठीचा घट्ट, डोक्यावरून घालायचा मिळतो तो वापरायचा. जुन्या नाशकातून आमच्याकडे दोघी येतात, त्यातली एक गोलकीपर आहे आणि तिच्यासमोर मी पेनल्टी मारत नाही, लाज जाते.

दहावीचं वर्ष आहे. मार्चमध्ये सामने बघू देऊ?

पूर्ण दीड-दोन तास नाही, दुसरा हाफ बघू द्या. पेपर नसेल त्या दिवशी. आणि राज्य पातळीवर वगैरे खेळलेल्या मुलांना बोर्डाच्या निकालात सवलतीचे गुण असतात, सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण असतं. हे मी सहसा सांगत नाही, कारण मग काही बाबा लोक त्याच हिशेबाने मुलीला मैदानावर सोडतात. पण विचारलंत म्हणून.

७ मार्चला जपानचा सामना, ८ ला रंगपंचमी. रविवारची प्रॅक्टिस आहे का?

नाही. नाशिकच्या माणसाला रंगपंचमीच्या दिवशी प्रॅक्टिस विचारू नये. तिवंधा आणि शनी चौकातली रहाड, म्हणजे रंगाचा हौद, उघडली की आमच्याच गटातल्या निम्म्या जणी तिकडे असतात. त्या दिवशी जागतिक महिला दिनही आहे, कोणी भाषणाला बोलावलं तर आम्ही रंगलेल्या असू असं कळवा.

'राहिलेली मॅच' एकत्र बघणार आहात असं ऐकलं. कोणीही आलं तर चालेल?

चालेल. १० मार्च, मंगळवार. गटातल्या एका मुलीच्या काकांच्या इमारतीचं पार्किंग आहे, पत्ता व्हॉट्सॲपवर टाकू. दुपारची वेळ असेल, पडद्यावर ऊन येतं म्हणून दोन जुन्या चादरी आणि कपडे वाळत घालायचे चिमटे लागणार आहेत. बसायला चटई आपापली. सिडकोकडून सिटीलिंकच्या बसने येणाऱ्या मुलींना परत सोडायला दोन गाड्या ठरल्या आहेत, तिसरी मिळाली तर हवी आहे. द्राक्षांचा हंगाम आहे, एका पालकांनी दोन क्रेट देतो म्हटलंय. बिया असलेली आहेत, लहान मुलांकडे लक्ष ठेवा.

माझी पुतणी पुढच्या रांगेत मधोमध बसणार आहे. ती जागा २०२२ पासून तिची आहे.